सर्बिया ९१, अमेरिका ९५ : पॅरिसच्या त्या उपांत्य सामन्यातून नेमके काय शिकायचे?

मुळाकाठ (प्रश्न)

८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या बेर्सी अरेनामध्ये ऑलिम्पिकमधील पुरुष बास्केटबॉलचा जो उपांत्य सामना झाला, त्याविषयी इथल्या जाणकारांशी सविस्तर बोलायचे आहे. भारतात तो मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला होता, त्यामुळे अनेकांनी नंतर केवळ शेवटच्या काही मिनिटांची चित्रफीत पाहिली असेल. माझी विनंती अशी की ज्यांना शक्य आहे त्यांनी पूर्ण सामना पाहून मगच मत द्यावे, कारण शेवटच्या तीन मिनिटांवरून काढलेला निष्कर्ष आणि चाळीस मिनिटांवरून काढलेला निष्कर्ष यांत मला बरेच अंतर दिसते.

ज्यांना तपशील आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला क्वार्टर (सामन्याचा दहा मिनिटांचा पाव भाग) सर्बियाने ३१-२३ असा जिंकला, मध्यंतराला ते ५४-४३ असे पुढे होते आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये एका क्षणी त्यांची आघाडी १७ गुणांची झाली होती. तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस गुणफलक ७६-६३ होता. लेब्रॉन जेम्स, स्टीफन करी आणि केविन ड्युरंट एकाच वेळी कोर्टवर असताना त्यांच्याविरुद्ध १३ गुणांची आघाडी घेऊन शेवटच्या दहा मिनिटांत उतरणे ही साधी गोष्ट नव्हे. त्या दहा मिनिटांत मात्र अमेरिकेने ३२ गुण केले आणि सर्बियाला १५ गुणांवर रोखले. साधारण अडीच मिनिटे उरली असताना करीच्या तीन गुणांच्या शॉटने अमेरिका ८७-८६ अशी पुढे गेली आणि नंतर तिने आघाडी सोडली नाही.

या पराभवाची जी कारणे मला वाचायला मिळाली, त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय कारण म्हणजे करी. त्याने ३६ गुण केले आणि तीन गुणांच्या १४ प्रयत्नांपैकी ९ यशस्वी केले. अशा दिवशी कोणताही संघ हरतो, असे लोक म्हणतात. हे कारण खोटे नाही, पण त्यातून शिकण्यासारखे काही उरत नाही. शिवाय करीचे बरेचसे गुण पहिल्या क्वार्टरमध्येच झाले होते आणि तो क्वार्टर सर्बियाने आठ गुणांनी जिंकला होता. म्हणजे करी तळपत असतानाही त्यांना पुढे राहता येत होते. मग तिसऱ्या क्वार्टरपर्यंत जे जमले, ते चौथ्यात का जमले नाही?

सर्बियाने पहिल्या तीन क्वार्टरमध्ये अनुक्रमे ३१, २३ आणि २२ गुण केले. चौथ्यात त्यांनी २० गुण जरी केले असते, तरी अमेरिकेचे ३२ गुण धरूनही ते ९६-९५ असे जिंकले असते. म्हणूनच मला वाटते की हा पराभव बचावाचा कमी आणि आक्रमणाचा अधिक आहे. अनेकजण नेमके उलट सांगतात. आपल्यापेक्षा बलाढ्य संघाविरुद्ध आघाडी घेतल्यानंतर दुबळ्या संघाने काय करावे, हा प्रश्न या सामन्यात फार स्पष्टपणे समोर येतो, आणि त्याचे उत्तर इथल्या प्रशिक्षकांकडून व जुन्या प्रेक्षकांकडून ऐकायला मला आवडेल.

---

रिंगण

प्रश्न उत्तम मांडला आहे, परंतु मला वाटते की तुम्ही सामन्याची सुरुवात चुकीच्या दिवशी धरली आहे. या पराभवाची सुरुवात ६ ऑगस्टला, उपांत्यपूर्व फेरीत झाली.

त्या दिवशी सर्बियाची गाठ ऑस्ट्रेलियाशी होती. ऑस्ट्रेलियाने सुरुवातीलाच सर्बियाला इतके मागे टाकले की अंतर २४ गुणांवर गेले. तिथून सर्बियाने सामना ओढून आणला, तो जादा वेळेत नेला आणि ९५-९० असा जिंकला. त्या पुनरागमनाचे सर्वत्र कौतुक झाले आणि ते रास्तच होते. परंतु त्यासाठी सर्बियाचा सर्वोत्तम खेळाडू निकोला जोकिच आणि त्याच्या मुख्य साथीदारांना चाळीसऐवजी पंचेचाळीस मिनिटांचा, आणि तोही सतत मागून धावण्याचा सामना खेळावा लागला. त्याच दिवशी रात्री अमेरिकेने ब्राझीलला १२२-८७ असे हरवले. ३५ गुणांनी जिंकणाऱ्या संघाचा प्रशिक्षक आपले खेळाडू आलटून-पालटून वापरू शकतो आणि कोणालाही थकू न देता उपांत्य फेरीत आणू शकतो. दोन दिवसांनंतर हे दोन संघ समोरासमोर आले, तेव्हा गुणफलकावर दोघांचे शून्य असले तरी पायांतील बळ सारखे नव्हते.

दुसरी बाब संघाच्या खोलीची आहे. अमेरिकेचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांच्याकडे इतके पर्याय होते की जेसन टेटमसारखा खेळाडू या सामन्यात एक मिनिटही खेळला नाही. सर्बियाकडे बोगदान बोगदानोविच, अलेक्सा अव्रामोविच, मार्को गुदुरिच असे दर्जेदार खेळाडू होते. या तिघांनी मिळून ४७ गुण केले, ही काही लहान कामगिरी नाही. परंतु जोकिचच्या जागी येऊन आक्रमणाची सूत्रे हाती घेणारा दुसरा खेळाडू त्यांच्याकडे नव्हता आणि जगातील दुसऱ्या कोणत्याही संघाकडेही नाही. २८ जुलैला लील येथे झालेला गटातील सामना आठवा. अमेरिकेने तो ११०-८४ असा जिंकला, पण जोकिच कोर्टवर असताना सामना बराचसा बरोबरीचा होता आणि तो बाकावर गेला की दरी झपाट्याने रुंदावत होती. उपांत्य सामन्यात सर्बियाचे प्रशिक्षक स्वेतिस्लाव पेशिच यांनी त्यातून बोध घेऊन जोकिचला शक्य तितका वेळ कोर्टवर ठेवले. निर्णय बरोबरच होता, पण त्याची किंमत शेवटच्या दहा मिनिटांत मोजावी लागली.

म्हणून माझ्या मते शिकण्याची गोष्ट ही आहे की बाद फेरीत बलाढ्य संघाशी गाठ पडणार हे माहीत असताना त्याआधीच्या सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत गाफील राहणे परवडत नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध सर्बिया पहिल्यापासून सावध असती, तर अमेरिकेविरुद्धच्या चौथ्या क्वार्टरमध्ये तेच शॉट अधिक ताज्या पायांनी घेता आले असते. तीन गुणांचा शॉट हा हातांइतकाच पायांनीही मारला जातो, हे ज्यांनी सामन्याच्या अडतिसाव्या मिनिटाला तो मारून पाहिला आहे त्यांना सांगावे लागणार नाही.

---

अजनी चौक

मी नागपुरात सोळा वर्षांखालील मुलींच्या संघाला शिकवतो, त्यामुळे माझे बोलणे थोडे कोर्टवरच्या कामाचे असेल.

रिंगण यांचा थकव्याचा मुद्दा मला अर्धाच पटतो. उपांत्य सामना उशिरा रात्री संपला आणि १० ऑगस्टला, म्हणजे साधारण दीड दिवसाच्या विश्रांतीनंतर, याच सर्बियाने कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध ९३ गुण करून १० गुणांनी विजय मिळवला. जर्मनी हा तेव्हाचा जगज्जेता संघ होता. त्याचा उपांत्य सामना त्याच दिवशी सर्बियाच्या आधी झालेला असल्याने त्याला विश्रांतीही थोडी अधिक मिळाली होती. जोकिचने त्या सामन्यात गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेला चेंडू) आणि असिस्ट (ज्यातून लगेच बास्केट होते असा पास) या तिन्हींत दोन आकडी मजल मारली. केवळ दमून हरलेला संघ इतक्या लवकर असा खेळत नाही. त्यामुळे चौथ्या क्वार्टरमध्ये काहीतरी वेगळे घडले असले पाहिजे, आणि मुळाकाठ यांच्याप्रमाणे मलाही ते आक्रमणातच दिसते.

पहिल्या तीन क्वार्टरमध्ये सर्बियाचे आक्रमण कसे चालत होते ते पाहा. जोकिच फ्री थ्रो रेषेच्या आसपास किंवा त्याहून वर येऊन चेंडू घेतो, त्याच्या पाठीमागून आणि दोन्ही बाजूंनी साथीदार बास्केटकडे धाव घेतात, आणि बचावपटूंनी कोणाला सोडायचे हे ठरवण्याआधीच चेंडू हातातून निघालेला असतो. या सामन्यात त्याचे ११ असिस्ट आहेत. अशा आक्रमणाचे सारे बळ चेंडू लवकर हलण्यात असते. चौथ्या क्वार्टरमध्ये अमेरिकेने दबाव वाढवला, जोकिचकडे जाणारा पहिलाच पास अवघड केला, आणि त्यामुळे चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत शॉटसाठी मिळणाऱ्या २४ सेकंदांपैकी बराच वेळ निघून जाऊ लागला. त्यातूनही काही मोकळे शॉट मिळाले, पण ते बसले नाहीत. मी हा क्वार्टर माझ्या मुलींना दाखवला, तेव्हा शॉट चुकला की नाही हे बघू नका असे सांगितले. शॉट घेताना घड्याळात किती सेकंद उरले आहेत आणि त्याआधी चेंडू किती हातांतून गेला आहे, एवढेच बघायला सांगितले.

आघाडीवर असलेला संघ नकळत घड्याळाकडे पाहून खेळू लागतो. तेरा गुणांची आघाडी आहे, दहा मिनिटे काढायची आहेत, मग घाई कशाला, असे वाटते आणि चेंडू हळू वर आणला जातो. त्या क्षणापासून तुम्ही ज्या खेळाने आघाडी मिळवली तो खेळ सोडून दुसराच खेळ खेळत असता, आणि त्या दुसऱ्या खेळात समोरचा संघ तुमच्यापेक्षा चांगला असतो. बलाढ्य संघाला एकास एक खेळ हवाच असतो, कारण तिथे त्याचा प्रत्येक खेळाडू वरचढ असतो.

यावर उपाय म्हणून आम्ही सरावात एक गोष्ट सुरू केली आहे, ती सविस्तर सांगतो. सराव संपत आला आणि मुली पुरेशा दमल्या की त्यांच्याकडून बेसलाइनपासून बेसलाइनपर्यंत धावण्याच्या फेऱ्या करून घ्यायच्या आणि लगेच पाच मिनिटांचा सामना लावायचा, ज्यात एक संघ सुरुवातीलाच आठ गुणांनी पुढे असतो. आघाडीच्या संघाला दोन बंधने असतात. शॉट घेण्यापूर्वी चेंडू एकदा तरी आत, पोस्टवर म्हणजे बास्केटजवळ उभ्या असलेल्या मुलीच्या हातात गेलाच पाहिजे, आणि शॉट क्लॉकवर दहा सेकंद उरायच्या आत शॉट झाला पाहिजे. दहाच्या खाली गेले की चेंडू दुसऱ्या संघाला. मागे असलेल्या संघाला कोणतेही बंधन नाही, त्यांनी हवा तेवढा फुल कोर्ट दबाव टाकावा. सुरुवातीला आघाडीचा संघ जवळजवळ दर वेळी हरायचा आणि मुली या नियमांवर नाराज होत्या. काही आठवड्यांनंतर त्यांच्या लक्षात आले की दबावाखाली पहिला पास देण्यासाठी पोस्टच्या मुलीने चेंडूकडे चालून यावे लागते, जागेवर उभे राहून हात वर करण्याने तो मिळत नाही. ही एक गोष्ट मी त्यांना तोंडाने वर्षभर सांगत होतो.

बचावाबद्दल एकच वाक्य लिहितो. अमेरिकेचा उंच खेळाडू एम्बीड याला बाहेर मोकळे सोडण्याची सर्बियाची योजना होती, त्याने ११ पैकी ८ शॉट यशस्वी करून १९ गुण केले, आणि तरीही ती योजना चुकीची होती असे मला वाटत नाही, कारण करी, ड्युरंट आणि लेब्रॉन असताना कोणाला तरी सोडावेच लागते.

---

सिडनीपासूनचा प्रेक्षक

चर्चा एका सामन्यापुरती राहू नये म्हणून थोडे मागे जातो. अमेरिकेविरुद्ध थोडक्यात हरण्याचा इतिहास मोठा आहे आणि त्यात शिकण्याच्या दृष्टीने दोन परस्परविरोधी उदाहरणे आहेत.

पहिले उदाहरण लिथुआनियाचे. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये गटात हा संघ अमेरिकेकडून ८५-७६ असा हरला आणि उपांत्य फेरीत पुन्हा त्यांच्यासमोर आला. तिथे ८५-८३ असा निकाल लागला. शेवटच्या क्षणी शारूनस यासिकेविचियसने मारलेला तीन गुणांचा शॉट बसला असता तर एनबीएच्या (अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या) खेळाडूंनी भरलेला अमेरिकी संघ ऑलिम्पिकमध्ये प्रथमच हरला असता. चार वर्षांनी अथेन्समध्ये गटातील सामन्यात लिथुआनियाने अमेरिकेला ९४-९० असे हरवले आणि त्यात यासिकेविचियसचे २८ गुण होते. हे उदाहरण सगळे देतात. त्याच स्पर्धेत पुढे कांस्यपदकासाठी हेच दोन संघ पुन्हा भिडले आणि अमेरिकेने तो सामना १०४-९६ असा जिंकला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

दुसरे उदाहरण खुद्द सर्बियाचे आहे आणि ते पॅरिसच्या चर्चेत यायलाच हवे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये गटात सर्बिया अमेरिकेकडून ९४-९१ अशी हरली. तरुण जोकिचने त्या दिवशी २५ गुण केले होते आणि बरोबरी साधण्यासाठी शेवटचा शॉट बोगदानोविचच्या हातात होता, तो चुकला. त्या निकालानंतर सर्बियाविषयी जी आशा निर्माण झाली, ती अंतिम सामन्यात पूर्ण ओसरली, कारण तो सामना अमेरिकेने ९६-६६ असा जिंकला आणि ड्युरंटने ३० गुण केले. तीन गुणांचा फरक काही दिवसांत तीस गुणांवर गेला.

यातून मला असे वाटत आले आहे की थोडक्यात लागलेल्या निकालातून दोन्ही संघ शिकतात, आणि ज्याच्याकडे साधने अधिक तो अधिक वेगाने शिकतो. पॅरिसपूर्वी लंडनला झालेला सराव सामना पाहा. दक्षिण सुदानने २० जुलैला अमेरिकेला जवळजवळ हरवले होते. मध्यंतराला ते १४ गुणांनी पुढे होते आणि शेवटी लेब्रॉनच्या बास्केटमुळे अमेरिका १०१-१०० अशी वाचली. प्रत्यक्ष ऑलिम्पिकमध्ये त्याच दोन संघांचा निकाल १०३-८६ असा लागला. दक्षिण सुदान वाईट खेळला असे नाही. अमेरिकेने त्यांना ओळखले होते, एवढेच.

या दृष्टीने पाहता मुळाकाठ यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की दुबळ्या संघाने आपली सर्वोत्तम योजना कधी उघड करायची याचा विचार केला पाहिजे. पेशिच हे मुरलेले प्रशिक्षक. २००२ मध्ये इंडियानापोलिसच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेला तिच्याच भूमीवर ८१-७८ असे हरवून पुढे विश्वविजेता झालेला युगोस्लाव्हियाचा संघ त्यांचाच होता. २०२४ मध्ये अबुधाबीतील सराव सामन्यात सर्बिया १०५-७९ अशी हरली, लीलमध्ये २६ गुणांनी हरली, आणि तिसऱ्या भेटीत अमेरिकेसमोर पूर्णपणे वेगळा संघ उभा राहिला. पहिल्या दोन सामन्यांत पेशिच यांनी मुद्दाम काही राखून ठेवले होते असा दावा मी करणार नाही. पण अमेरिकेला या सर्बियाशी जुळवून घ्यायला तीस मिनिटे लागली, हे गुणफलकावर दिसते. तीसऐवजी चाळीस लागली असती तर आपण आज वेगळ्या सामन्याविषयी बोलत असतो.

आणखी एक गोष्ट लिहितो, जी सर्बियाच्या चाहत्यांना आवडणार नाही. पॅरिसमधील त्या कामगिरीनंतर २०२५ च्या युरोबास्केटमध्ये सर्बिया प्रबळ दावेदार म्हणून उतरली, स्पर्धेदरम्यान बोगदानोविच जायबंदी झाला, आणि बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात फिनलंडने त्यांना ९२-८६ असे हरवले. त्यानंतर पेशिच पायउतार झाले. अमेरिकेशी चार गुणांनी हरल्यामुळे आपण फिनलंडपेक्षा आपोआप वरचढ ठरत नाही. प्रत्येक सामन्यात तितक्याच तयारीने उतरावे लागते, आणि रिंगण यांनी ऑस्ट्रेलियाच्या सामन्याबद्दल जे लिहिले आहे त्याला या निकालाने अधिकच पुष्टी मिळते.

---

पाचवा फाउल

वरच्या सर्व प्रतिसादांमध्ये शेवटच्या क्षणांना कमी लेखले जात आहे असे मला वाटते. आघाडी कशी घेतली आणि कशी गमावली हे महत्त्वाचे आहेच, पण एकदा सामना दोन-चार गुणांवर आला की बारीक गोष्टींवर निकाल ठरतो आणि त्या शिकवता येतात.

सर्बियाच्या सामन्यानंतर तीनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्याच बेर्सी अरेनामध्ये महिलांचा अंतिम सामना झाला. अमेरिका ६७, फ्रान्स ६६. मध्यंतराला २५-२५ अशी बरोबरी होती आणि तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला फ्रान्सने सलग १० गुण घेऊन घरच्या प्रेक्षकांना उभे केले होते. ऑलिम्पिकमध्ये सलग ६० सामने जिंकलेल्या संघाला त्यांनी अखेरपर्यंत श्वास घेऊ दिला नाही. जेमतेम चार सेकंद उरले असताना काह्लिया कॉपरने दोन फ्री थ्रो यशस्वी करून अमेरिकेची आघाडी तीन गुणांची केली. त्यानंतर गॅबी विल्यम्सने वेळ संपता-संपता मारलेला शॉट बोर्डला लागून आत गेला, परंतु तिचा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता. तीनाऐवजी दोन गुण मिळाले आणि जादा वेळ खेळवला गेला नाही. त्या दिवशी १९ गुण करून फ्रान्सला सामन्यात ठेवणारी खेळाडूही तीच होती, म्हणून तिला दोष देण्याचा विचारही माझ्या मनात येत नाही.

तरीही प्रशिक्षकांनी हे दृश्य आपल्या खेळाडूंना दाखवावे असे मी आग्रहाने सांगेन. शेवटच्या चेंडूवर तीन गुण हवे असतील तर पास घेणाऱ्याने रेषेच्या एक पाऊल मागे उभे राहून तो घ्यावा, म्हणजे शॉटसाठी पाय जुळवताना पुढे सरकले तरी पाऊल रेषेच्या बाहेर राहते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ही रेषा ६.७५ मीटरवर असते. रेषेच्या जवळ राहून जे काही सेंटिमीटर वाचतात त्यांचा शॉट बसण्याच्या शक्यतेवर काहीही परिणाम होत नाही, पण पाय पडला तर एक गुण हमखास जातो. अजनी चौक यांनी त्यांच्या पाच मिनिटांच्या सरावात शेवटच्या पाच सेकंदांसाठी हाही नियम घालावा.

करीबद्दलही एक मत नोंदवतो. उपांत्य फेरीपूर्वीच्या चार सामन्यांत त्याने तीन गुणांच्या २० प्रयत्नांपैकी ५ यशस्वी केले होते. त्या आकड्यांकडे पाहून कोणीही त्याला थोडे सैल सोडले असते. पण ज्याचा हात आयुष्यभर बसत आला आहे त्याच्या चार सामन्यांवर विश्वास ठेवायचा की पंधरा वर्षांवर, हे बचावाची आखणी करतानाच ठरवायला हवे. अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध अमेरिका ९८-८७ अशी जिंकली, तिथेही त्याने तीन गुणांचे ८ शॉट मारले आणि त्यांतले चार शेवटच्या तीन मिनिटांतले होते.

---

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काही मुद्द्यांवर माझे मत बदलले आहे आणि काहींवर नाही.

जर्मनीविरुद्धच्या सामन्याचा अजनी चौक यांनी दिलेला दाखला मला निर्णायक वाटतो. थकवा होताच, पण जर्मनीने सर्बियावर चौथ्या क्वार्टरमधील अमेरिकेसारखा दबाव टाकला नाही आणि सर्बियाचे आक्रमण पुन्हा पहिल्यासारखे वाहू लागले. त्यामुळे थकलेल्या पायांनीही चेंडू हलवता येतो, अट एवढीच की पहिला पास अडकता कामा नये. आघाडीवर असताना आक्रमणाचा वेग न सोडणे हा या सामन्याचा मुख्य धडा आहे, या मतावर मी कायम आहे.

सिडनीपासूनचा प्रेक्षक यांच्या मुद्द्याने मात्र मला वेगळ्या दिशेने विचार करायला लावले. रिओत आणि पॅरिसमध्ये जोकिच, बोगदानोविच आणि समोर ड्युरंट हे तिघेही होते. आठ वर्षांच्या अंतराने तेच खेळाडू जवळजवळ त्याच फरकाने हरले, आणि या वेळी तर बाद फेरीत. दरम्यान जोकिच तीन वेळा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे सर्बियाचा सर्वोत्तम खेळाडू कितीतरी मोठा झाला, तरी शेवटच्या काही मिनिटांतील अंतर तेवढेच राहिले. या गोष्टीचा मी अजून विचार करतो आहे आणि मला तिचे उत्तर जोकिचमध्ये नव्हे तर त्याच्या भोवतीच्या खेळाडूंत दिसते. अमेरिकेने दबाव वाढवल्यावर चेंडू वर आणून दबाव मोडणारा, वेगाने पहिला पास देणारा दुसरा पॉइंट गार्ड त्या दहा मिनिटांत हवा होता. अव्रामोविचने १५ गुण केले आणि जीव तोडून बचाव केला, पण त्याचा पिंड मुळात झुंजार बचावपटूचा आहे, शांत डोक्याने खेळ रचणाऱ्याचा नाही.

रिंगण, तुम्ही युरोपातील क्लब स्पर्धा नियमित पाहता, म्हणून तुम्हाला विचारतो. पुढची जागतिक स्पर्धा २०२७ मध्ये कतारला आहे. तोपर्यंत अशी भूमिका पेलू शकेल असा तरुण गार्ड सर्बियाकडे तुम्हाला दिसतो का?

---

रिंगण

आज तरी ठामपणे एकच नाव घ्यावे असे कोणी दिसत नाही. सर्बियात उंच खेळाडूंची वाण नाही, पेशिच यांच्या संघात निकोला योविचसारखा २०८ सेंटिमीटर उंचीचा आणि चेंडू हाताळता येणारा तरुण फॉरवर्ड होताच. माझी सूचना अशी आहे की गार्डचा शोध सुरू ठेवावा, पण दबावाखाली चेंडू वर आणण्याचे काही काम योविचकडेही सोपवून पाहावे, कारण इतक्या उंचीच्या खेळाडूला अमेरिकेच्या छोट्या गार्डने अडवले तरी त्याला त्याच्या डोक्यावरून जोकिचला पास देता येईल. पात्रता फेरीच्या सामन्यांत एनबीएतील खेळाडू बहुतेक वेळा उपलब्ध नसतात, त्यामुळे हा प्रयोग करायला उन्हाळ्यातील सराव शिबिरेच काय ती उरतात, आणि नव्या प्रशिक्षकांनी तिथे पहिल्या दिवसापासून तो करावा असे मला वाटते.